मोजणीत नसलेली माणसं

(अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतल्या तरुणांसाठी अमरावतीत झालेल्या शिबिरातल्या भाषणाचा संपादित मजकूर)



मला खरं तर ‘आयटीतलं करिअर’ या विषयावर बोलायला बोलावलं होतं. त्यावर बोलणारी माझ्यापेक्षा चांगली माणसं यूट्यूबवर आहेत, म्हणून आयोजकांची परवानगी घेऊन मी विषय बदलला. आज एका संशोधनाबद्दल बोलतो. संशोधन संगणकशास्त्रातलं आहे, विषय साथीच्या रोगांचा आहे. ते अमेरिकेत झालंय, पण वाचताना माझ्या डोळ्यांसमोर सारखं बैदपुरा, अकोट फैल, इथलं हाथीपुरा, पठाण चौक येत होतं. मी अकोल्याचा. इंजिनिअरिंग अमरावतीत केलं, चार वर्षं बडनेऱ्याला गाडी पकडत. आता पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करतो. डॉक्टर नाही, त्यामुळे औषधाबद्दल काही विचारू नका.

संशोधकाचं नाव माधव मराठे. आडनाव पाहूनच मी पहिल्यांदा त्यांचा पेपर उघडला होता, हे सांगायला हरकत नाही. आयआयटी मद्रासमधून १९८९ मध्ये बीटेक, मग अमेरिकेत पीएचडी, मग लॉस अलामोसच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत नोकरी, पुढे व्हर्जिनिया टेक आणि आता व्हर्जिनिया विद्यापीठात संगणकशास्त्राचे प्राध्यापक. संगणकशास्त्राच्या माणसाचा साथीच्या रोगाशी संबंध काय, हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. माझ्याही आला होता. त्याचं उत्तर समजायला शंभर-सव्वाशे वर्षं मागे, मुंबईत जावं लागतं.

१९२७ मध्ये कर्मॅक आणि मॅकेंड्रिक या दोन शास्त्रज्ञांनी साथीचं गणित मांडलं. आजही जगभरात साथीबद्दल काही शिकवायचं असेल तर सुरुवात तिथूनच होते. त्यांनी माणसांचे तीन डबे केले. ज्यांना रोग होऊ शकतो ते पहिल्या डब्यात, ज्यांना झालाय ते दुसऱ्यात, आणि जे त्यातून बाहेर पडले, बरे होऊन किंवा मरून, ते तिसऱ्यात. एका डब्यातून दुसऱ्यात माणसं किती वेगाने जातात, याची समीकरणं. आता हे गणित खरं आहे का, हे तपासायला आकडे हवेत. ते त्यांनी कुठून घेतले माहिती आहे? मुंबईतून. १९०५-०६ च्या प्लेगमध्ये मुंबईत दर आठवड्याला किती माणसं मेली, त्याच्या नोंदींवरून. त्यांच्या पेपरात जो आलेख आहे, आठवड्यागणिक चढत जाऊन उतरणारा, तो आपल्या मुंबईतल्या मयतांचा आलेख आहे. कोणीतरी त्या चाळींमधून, मोहल्ल्यांमधून मेलेली माणसं मोजली, वहीत लिहिली, म्हणून ते गणित तपासता आलं.

ही मोजणी सहज झालेली नव्हती. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, १८९७ मध्ये सरकारने साथरोग कायदा आणला, आणि घरात घुसून रुग्ण शोधणं सुरू झालं. पुण्यात त्याचा शेवट रँडच्या खुनात झाला, हे शाळेत सगळ्यांनी वाचलंय. मुंबईत काय झालं ते शाळेत नसतं. मार्च १८९८ मध्ये मदनपुऱ्यातल्या मुस्लिम विणकरांनी, जुलाह्यांनी, घरातल्या आजारी बाईला तपासायला आलेल्या पथकाला अडवलं आणि त्यातून दंगल पेटली. पडद्यातली बाई, दारात परका पुरुष, आणि तिला उचलून इस्पितळात नेण्याची भीती. त्यानंतर सरकारलाही कळलं की जबरदस्तीने साथ आटोक्यात येत नाही, लोक रुग्ण लपवतात. दुसरीकडे त्याच मुंबईत हाफकिनची प्लेगची लस नवी होती, लोक तिला घाबरत होते, तेव्हा तरुण आगाखानांनी लोकांसमोर स्वतःला टोचून घेतलं आणि त्यांच्यामागे हजारो खोजा मुसलमानांनी टोचून घेतलं. तेच शहर, तोच रोग, दोन्हीकडे मुसलमानच. एका दारात पोलीस घेऊन आलेला माणूस होता आणि दुसऱ्या दारात ओळखीचा.

हा फरक ध्यानात ठेवा, आपण त्याच्याकडे परत येऊ. आधी प्राध्यापक मराठ्यांचं काम.

डब्यांच्या गणितात एक मोठं गृहीतक लपलेलं आहे. डब्यातली सगळी माणसं एकमेकांत सारखी मिसळतात, शिरखुर्म्यात साखर मिसळते तशी. आता शहर काही शिरखुर्मा नसतं. शहर बिर्याणी असतं. थर असतात, कुठे नुसता भात, कुठे बोट्या. कॅम्पातल्या बंगल्यात राहणारे तीन जण आणि नागपुरी गेटजवळ दोन खोल्यांत राहणारे नऊ जण एकाच डब्यात टाकून सरासरी काढली, तर ती सरासरी दोघांबद्दलही खोटं बोलते.

इथे संगणकशास्त्र आलं. लॉस अलामोसला शहरातल्या वाहतुकीचा अभ्यास करणारी एक मोठी प्रणाली होती, ट्रान्सिम्स नावाची. कोण घरातून किती वाजता निघतं, कुठे जातं, कुठे थांबतं, हे त्यात होतं. मराठे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विचार केला की माणसं जिथे जातात तिथेच त्यांना संसर्ग होतो. म्हणजे वाहतुकीची माहिती हीच साथीची माहिती. त्यातून त्यांनी एपिसिम्स ही प्रणाली बनवली. तिच्यावरचा पेपर २००४ मध्ये ‘नेचर’मध्ये आला, पहिले लेखक स्टीफन यूबँक होते. त्यांनी अमेरिकेतल्या पोर्टलंड शहराची पंधरा-सोळा लाख माणसं संगणकात उभी केली आणि त्यांच्यात देवीची साथ सोडून पाहिली.

माणसं ‘उभी केली’ म्हणजे काय, हे नीट समजून घ्या, कारण माझं पुढचं सगळं बोलणं त्यावर आहे. ही खरी माणसं नसतात. जनगणना, घरांची पाहणी, प्रवासाच्या सवयी यांवरून बनवलेली कल्पित लोकसंख्या असते. समजा अकोल्याची बनवायची आहे. एक मुलगी घेऊ. वय १९, घरात नऊ माणसं, खोल्या दोन. सकाळी नळ आला असेल तर पाणी भरते, आणि अकोल्यात नळ किती दिवसांनी येतो ते अकोलेकरांना विचारा. मग ऑटोने कॉलेज, दुपारी शिवणकामाचा क्लास, संध्याकाळी मावशीकडे. अशी मुलगी प्रत्यक्षात कुठेच नाही. पण अशा वयाच्या, अशा घरातल्या, असं फिरणाऱ्या मुली शहरात जितक्या आहेत, तितक्याच संगणकातल्या अकोल्यात असतात. नाव कोणालाच नसतं. धर्म नसतो, जात नसते, आधार नंबर नसतो. संगणकाला एवढंच हवं असतं की ती कोणाबरोबर, कोणत्या जागी, किती वेळ होती.

मग सगळं शहर एक जाळं होतं. तुमच्यापैकी जे बीसीए, बीई करतायत त्यांनी ग्राफ शिकला असेल, बिंदू आणि रेषा. इथे बिंदू दोन प्रकारचे, माणसं आणि जागा. माणूस जागेवर गेला की रेषा. पोर्टलंडच्या जाळ्यात त्यांना दिसलं की माणसांच्या संपर्कांमध्ये फार टोकाचा फरक नाही, पण जागांमध्ये प्रचंड फरक आहे. बहुतेक ठिकाणी थोडी माणसं येतात आणि मोजक्या ठिकाणी अफाट येतात. त्यामुळे साथ लवकर ओळखायची असेल तर त्या मोजक्या जागांवर लक्ष ठेवावं. साथ वेळेत ओळखली आणि नेमक्या माणसांना लस दिली, तर अख्ख्या शहराला एका दमात टोचावं लागत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता.

अमरावतीत अशा जागा कोणत्या? इर्विनचा बाह्यरुग्ण विभाग, बस स्टँड, इतवारा बाजार, परीक्षेचं केंद्र, लग्नाचा हॉल. जुम्म्याला मशीद, नवरात्रात अंबादेवी. जाळ्यात हे सगळे सारखेच बिंदू आहेत, किती माणसं आणि किती वेळ एवढाच प्रश्न. मार्च २०२० मध्ये दिल्लीच्या मरकजमध्ये अशीच एक मोठी गर्दी जमली होती, तिथून संसर्ग पसरला हेही खरं. पण त्याचं पुढे टीव्हीवर काय झालं ते तुम्ही पाहिलंत. भाजीवाल्याला नाव विचारण्यापर्यंत गोष्ट गेली. २१ ऑगस्ट २०२० ला मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तबलिगच्या परदेशी नागरिकांवरचे गुन्हे रद्द केले आणि या लोकांना बळीचा बकरा केलं गेल्याचं निकालात लिहिलं. तोवर पाच महिने गेले होते, आणि त्या पाच महिन्यांत आपल्या मोहल्ल्यांमध्ये काय झालं, ते साथीच्या गणिताच्या दृष्टीने मला फार महत्त्वाचं वाटतं.

एप्रिल २०२० च्या पहिल्या आठवड्यात अकोल्यात पहिला रुग्ण सापडला, तो बैदपुऱ्यात. अमरावतीत पहिला मृत्यू हाथीपुऱ्यातला, आणि त्याचा रिपोर्ट मृत्यूनंतर आला. तेव्हा नमुने नागपूरला जायचे. इथल्या विद्यापीठाची प्रयोगशाळा मे महिन्यात सुरू झाली. ऑफिस बंद झाल्यामुळे मी अकोल्यात घरी होतो. गल्लीच्या तोंडाला पत्रे ठोकलेले. एक दिवस सर्वेक्षणाच्या बाई आल्या, हातात फॉर्म. शेजारच्या खाला दारात उभ्या राहिल्या. बाईंनी नाव विचारलं. खालांनी उलट विचारलं, “नाम कायकू होना?” बाई बिचाऱ्या घामाघूम झालेल्या. म्हणाल्या, “मले वरून सांगतलं, म्हून लिहून घेऊन राहिली.” खालांनी सांगितलं, घरात सगळे ठीक आहेत. दोन दिवसांपासून त्यांनाच ताप होता.

खाला अडाणी आहेत म्हणून त्यांनी लपवलं असं कोणी म्हणेल, तर ते मला मान्य नाही. त्या आधीचे चार महिने आठवा. डिसेंबर २०१९ मध्ये नागरिकत्व दुरुस्ती कायदा झाला. १ एप्रिल २०२० पासून देशात घरोघर जाऊन एनपीआरची माहिती गोळा करायची ठरली होती, कोरोनामुळे ती लांबणीवर पडली. घराघरांत, मीटिंगांमध्ये हेच सांगितलं जात होतं की फॉर्म घेऊन कोणी आलं तर आधी विचारा, कशासाठी. आणि एप्रिलमध्ये नेमकं फॉर्म घेऊन कोणीतरी दारात. फॉर्म तापाचा होता, पण दारातून तो दिसतो कसा? मदनपुऱ्यातल्या बाईला दिसलं असेल तेच.

यावर गल्लीतल्या पोरांनी जे केलं ते सांगतो, त्यात माझा वाटा थोडा होता, डोकं दुसऱ्यांचं. दोन ऑक्सिमीटर वर्गणी काढून घेतले. वही केली. वहीत नाव लिहायचं नाही, घराचा क्रमांक आणि आकडा एवढंच. ९४ च्या खाली आकडा आला की सर्वोपचारला फोन. पहिल्या दिवशी लोकांनी दारं अर्धी उघडली, चौथ्या दिवशी स्वतःहून बोलवायला लागले. मग त्याच सर्वेक्षणाच्या बाईंना आम्ही सोबत घेऊन फिरायला लागलो, आणि त्यांचा फॉर्मही भरला जाऊ लागला, नावासकट. खालांचा ताप टायफॉइडचा निघाला, तो भाग वेगळा.

आता या वहीचा आणि प्राध्यापकांच्या जाळ्याचा संबंध काय? २०१६ मध्ये व्हर्जिनियातल्या त्याच प्रयोगशाळेतल्या अचला मराठे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्लीचा एक अभ्यास ‘बीएमजे ओपन’मध्ये प्रसिद्ध केला. दिल्लीतल्या १ कोटी ३८ लाख लोकांचं असंच जाळं संगणकात बांधलं आणि त्यात फ्लूची साथ सोडली. एकदा झोपडपट्ट्यांचा वेगळा विचार न करता, आणि एकदा करून. २९८ झोपडपट्ट्या, त्यांत सुमारे १८ लाख माणसं. तिथे घरात माणसं जास्त, दिवसातले संपर्क जास्त. पहिल्या प्रकारात साथ प्रत्यक्षापेक्षा लहान दिसली आणि तिचा कळस उशिरा दिसला. झोपडपट्टीतली माणसं साधी सरासरी माणसं धरली, तर अख्ख्या दिल्लीचा अंदाज चुकतो. बंगल्यातल्या माणसाचाही चुकतो, कारण झोपडपट्टीतली बाई त्याच्या घरी भांडी घासायला जाते आणि रेषा तिथपर्यंत पोचते.

मी हा पेपर वाचून बराच वेळ तसाच बसलो होतो. आपल्याकडे ‘मागास वस्तीकडे लक्ष द्या’ असं म्हणायचं तर दयेची भाषा वापरावी लागते. निवेदन द्यायचं, फोटो काढायचा. इथे दया नव्हती. हिशेब होता. काही लाख माणसं तुम्ही नीट मोजली नाहीत तर तुमचं उत्तर चुकेल, एवढंच. आमच्या धंद्यात म्हणतात, कचरा आत टाकला की कचराच बाहेर येतो. आपल्या वऱ्हाडात सरळ सांगतात, पेरलं तेच उगवते.

मुंबईत हे प्रत्यक्ष दिसलं. जुलै २०२० मध्ये नीती आयोग, मुंबई महापालिका आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेने तीन वॉर्डांत रक्त तपासणी केली, जवळपास सात हजार नमुने. झोपडपट्टीत ५७ टक्के लोकांच्या रक्तात कोरोना होऊन गेल्याच्या खुणा सापडल्या, झोपडपट्टीबाहेर १६ टक्के. एकच शहर, रस्त्याच्या दोन बाजू. या टाटा संस्थेतल्या संगणकशास्त्राच्या लोकांनी बंगळुरूच्या विज्ञान संस्थेबरोबर मुंबईचंही असं माणूस-माणूस मांडलेलं मॉडेल केलं होतं, झोपडपट्टी वेगळी धरून. तेव्हा हे काम फक्त अमेरिकेतच होतं असं समजू नका.

आणि सरासरीवर चालणाऱ्या अंदाजाचं काय होतं, ते अमरावतीने सोसलंय. ऑक्टोबर २०२० मध्ये केंद्राने नेमलेल्या गणितज्ञ आणि संगणकशास्त्रज्ञांच्या समितीने सांगितलं की साथीचा कळस होऊन गेला, सगळी काळजी घेतली तर फेब्रुवारी २०२१ पर्यंत ती आटोक्यात येईल. ‘काळजी घेतली तर’ ही अट त्यांनी घातली होती, हे मान्य करू. लोकांनी मात्र फक्त महिना लक्षात ठेवला. तो फेब्रुवारी आला, आणि २२ तारखेपासून अमरावती शहर आणि अचलपूर आठवड्यासाठी बंद झालं. मग ती टाळेबंदी आणखी वाढली. २४ मार्चला केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सांगितलं की महाराष्ट्रातल्या नमुन्यांमध्ये दोन विशिष्ट बदल असलेला विषाणू वाढतोय. त्याच घराण्यातल्या विषाणूला पुढे डेल्टा हे नाव मिळालं. तेव्हा दिल्ली-मुंबईच्या बातम्यांत अमरावती म्हणजे कुठलं तरी लांबचं गाव होतं. एप्रिलमध्ये तीच परिस्थिती त्यांच्या दारात आली.

आजार बडनेऱ्यावरून मुंबईला गेला की मुंबईहून बडनेऱ्याला आला, यावर वाद घालण्यात मला रस नाही. रूळ दोन्हीकडे जातात. १९१८ मध्ये मुंबई बंदरात उतरलेला फ्लू याच रेल्वेने आत आला, आणि देशात सगळ्यांत जास्त फटका बसलेल्या भागांत आपला मध्य प्रांत आणि वऱ्हाड होता. जिनिंग-प्रेसिंगचा कापूस ज्या गाडीने जायचा त्याच गाडीने.

मराठ्यांच्या कामातली आणखी एक गोष्ट तुमच्या उपयोगाची आहे. त्यांच्या गटाने साथ, माणसांचं जाळं आणि माणसांचं वागणं ही तिन्ही एकमेकांना कशी बदलत जातात, यावर लिहिलंय. साथ आली की माणूस घरी बसतो, रेषा तुटतात, साथ उतरते, माणूस बाहेर पडतो. रेषा फक्त विषाणूच्या नसतात. त्याच रेषांवरून अफवा जाते, उसनं पीठ जातं, ऑक्सिजनच्या सिलिंडरचा फोन नंबर जातो. समाज संकटात तग धरतो की नाही, मोडला तर किती दिवसांत सावरतो, हे या रेषांवर ठरतं. व्हर्जिनियात कोरोनाची लस देताना त्यांच्या गटाने तिथल्या आरोग्य खात्याला फिरती लसीकरण केंद्रं कुठे लावावीत हे सुचवलं. कमी लस झालेले लोक राहतात कुठे, एवढंच न पाहता ते दिवसा जातात कुठे, हे पाहिलं. इथे कोणी तसं पाहिलं असतं, तर मोहल्ल्यातल्या बाप्यांसाठी केंद्र कदाचित मार्केट यार्डात लागलं असतं, आणि बायांसाठी शिवण क्लासात.

आता अवघड भाग.

मोजणीत आलं पाहिजे, असं मी म्हणतोय. आणि समोर बसलेल्यांपैकी काहींच्या घरात गेल्या वर्ष-दोन वर्षांत जन्मदाखल्याचा विषय निघाला असणार. उशिरा काढलेल्या जन्मदाखल्यांवरून अकोला, अमरावती, मालेगाव ही नावं सारखी बातम्यांत होती. जानेवारी २०२५ मध्ये राज्य सरकारने चौकशीसाठी एसआयटी नेमली, असे दाखले रद्द करण्याची मोहीमही निघाली. खोटा कागद कोणी केला असेल तर त्याची चौकशी व्हावी, यात दुमत नाही. पण घरी जन्मलेली, शाळा सोडलेली, लग्न होऊन दुसऱ्या तालुक्यात आलेली बाई या सगळ्यात काय शिकते? कागदापासून लांब राहावं. कागद नाही म्हणून त्रास, काढला म्हणून चौकशी. ही बाई पुढच्या साथीत तापाच्या फॉर्मला खरं उत्तर देईल का?

म्हणून मला सरकारकडे एकच गोष्ट मागावीशी वाटते. आरोग्याची मोजणी आणि ओळखीची तपासणी वेगळी ठेवा, कायद्याने वेगळी ठेवा. आरोग्याच्या फॉर्मवर लिहिलेली माहिती दुसऱ्या कोणत्याही खात्याला मिळणार नाही, हे त्याच फॉर्मवर छापा. मराठ्यांचं सगळं काम बिननावाच्या माणसांवर चाललंय, हे सांगायला मी एवढा वेळ घेतला तो यासाठी. साथीच्या अंदाजाला वय लागतं, घर लागतं, फिरणं लागतं. नाव लागतं ते रुग्णाला शोधून उपचार देताना, आणि तिथे ते डॉक्टर-रुग्णामध्ये राहावं.

सरकार हे कधी करेल ते करेल. मयताची नोंद मात्र आपल्या हातात आहे. २०२०-२१ मध्ये भारतात कोरोनामुळे, प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष, ४७ लाख जादा मृत्यू झाले असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज होता. सरकारी आकडा ४ लाख ८० हजारांच्या आसपास. सरकारने तो अंदाज फेटाळला. दोन्हींत कोण किती बरोबर, हे ठरवायला नोंदी लागतात, आणि घरात मेलेल्या माणसाची नोंद करायची जबाबदारी घरच्यांची असते. २१ दिवसांत केली तर पैसे लागत नाहीत. आपल्याकडे जनाजा झाला, सोयम झाला, चाळिसावा झाला, आणि नोंद राहिली. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर कोरोनाने गेलेल्यांच्या वारसांना ५० हजार रुपये मिळू लागले, तेव्हा कागद शोधायला लोक धावले. ज्यांची नोंदच नव्हती त्यांना कागद कुठून मिळणार? रकमेपेक्षा मला दुसरी गोष्ट खटकते. ते माणूस साथीत गेलं, हेच कुठे लिहिलेलं नाही. कर्मॅक आणि मॅकेंड्रिकच्या आलेखात मुंबईचा एखादा जुलाहा आहे. २०२१ च्या आलेखात आपली कितीतरी माणसं नाहीत.

कब्रस्तान कमिटीकडे वही असते. काही ठिकाणी नीट, काही ठिकाणी कशीही, पण असते. गुजरातमध्ये पत्रकारांनी स्मशानं आणि कब्रस्तानं मोजून सरकारी आकड्यांना प्रश्न विचारले होते. आपल्याला कोणाला धारेवर धरायचं नाहीये, निदान सुरुवातीला नाही. मला फक्त एवढं पाहायचंय की आपल्या दोन शहरांत साध्या वर्षी दर महिन्याला किती दफन होतात. ते माहीत असेल, तरच एखाद्या महिन्यात आकडा चढला हे कळेल. उष्माघात असो, डेंग्यू असो, काही नवीन असो. मे महिन्यात अकोल्याचा पारा कुठे जातो ते तुम्हाला सांगायला नको, आणि त्या आठवड्यांत किती म्हातारी माणसं जातात ते कोणी मोजलेलं मला तरी दिसलं नाही.

अकोल्यातल्या एका कमिटीशी माझं बोलणं झालंय. २०१५ पासूनच्या वह्या दाखवायला ते तयार आहेत. आधी विचारलं, कशाला पाहिजे, आणि बरोबर विचारलं. मी सांगितलं, नाव उतरवून घेणार नाही. वह्या उर्दूत आहेत, काही पानं मोडीसारखी दिसतात, इतकं अक्षर वाईट. त्यामुळे उर्दू वाचणारी चार पोरं-पोरी लागतील, आणि मराठी मीडियमवाल्यांनी आकडे टाइप करावेत. एक्सेल येत असेल तर बास. एका ओळीत चार रकाने, महिना, वर्ष, वय, बाई की बापा. अमरावतीतली कमिटी कोणाच्या ओळखीत असेल तर जेवणाच्या सुट्टीत मला भेटा. आणि ज्यांना ग्राफचं गणित पाहायचंय त्यांच्यासाठी मी लॅपटॉपवर एक छोटं जाळं करून आणलंय, त्यात तीनशे माणसं आणि एक लग्नाचा हॉल आहे.

आता प्रश्न घेऊ.